पीबीएस बिघडलेला नाहीये, पॅचकॉर्ड पिवळी आहे

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देता देता मी सहज लिहून गेले की एकाच फायबरमधून उभा आणि आडवा असे दोन प्रकाश एकदम पाठवता येतात आणि पलीकडे ते पुन्हा वेगळे करता येतात. दोनच ओळी होत्या, पण त्यावर एवढे प्रश्न आलेत की ह्या वेळचं सदर त्यातच संपणार. आधी एक सांगून टाकते, मराठीत याला ध्रुवीकरण म्हणतात, पण हल्ली ध्रुवीकरण म्हटलं की लोकांना निवडणूक आठवते, त्यामुळे मी आपली पोलरायझेशनच लिहिणार, म्हणजे प्रकाशाची लाट कुठल्या दिशेत हलते ते, उभी का आडवी.

प्रश्न (सांगली): ताई, प्रोजेक्टसाठी आमच्या लॅबमध्ये फायबरवाला पोलरायझेशन बीम स्प्लिटर (पीबीएस) आणलाय, एक इनपुट दोन आउटपुट. १५५० नॅनोमीटरचा लेझर, पॉवर ० डीबीएम, पिवळ्या पॅचकॉर्डने (फायबरच्या जोडवायरने) जोडला. एका पोर्टला उणे २ आणि दुसऱ्याला उणे ६ आलं. चहा पिऊन आलो तर उणे १० आणि उणे १.१! कॉर्ड जरा हलवली तर दोन्हीकडे उणे साडेतीनच्या आसपास. गाईड सर म्हणतात पीस डिफेक्टिव्ह आहे परत पाठव, वेंडर म्हणतो आम्ही टेस्ट करूनच दिलाय. खरं कोणाचं?

उत्तर: वेंडरचं. (हे वाक्य मी फार कमी वेळा लिहिते.)

तू जी रीडिंग दिलीयेस ना त्यातच उत्तर आहे, फक्त तू ती डीबीएममध्ये बघतोयस म्हणून दिसत नाहीये. डीबीएम हे लॉगॅरिदमचं माप, ० डीबीएम म्हणजे १ मिलीवॅट, त्याची थेट बेरीज करता येत नाही, आधी मिलीवॅट कर. उणे २ म्हणजे ०.६३ मिलीवॅट, उणे ६ म्हणजे ०.२५, बेरीज ०.८८. आता चहानंतरचं, उणे १० म्हणजे ०.१० आणि उणे १.१ म्हणजे ०.७८, बेरीज पुन्हा ०.८८. तिसरी जोडी तू कर, तेवढंच येणार. आत १ मिलीवॅट गेला, बाहेर ०.८८ आला, म्हणजे अर्ध्या डीबीच्या किंचित वर लॉस, तो असल्या पीसला असतोच. प्रकाश कुठे गायब होत नाहीये, फक्त वाटणी बदलतेय, आणि वाटणी पीबीएस ठरवत नाही, आत येणारा प्रकाश ठरवतो.

गल्लत होते ती इथेच. साधा ५०-५० कपलर काहीही आलं तरी निम्मं इकडे निम्मं तिकडे करतो. पीबीएस तसा नाही, त्याचे दोन अक्ष ठरलेले असतात, एका अक्षावर हलणारा प्रकाश पहिल्या पोर्टला आणि त्याच्या काटकोनातला दुसऱ्या पोर्टला. पण ही चाळणीही नव्हे बरं का, चाळणीत दाणा एकतर वर राहतो नाहीतर खाली पडतो, इथे तिरका प्रकाश दोन्हीकडे थोडा थोडा जातो. ३० अंशांनी तिरका आला तर ७५ टक्के आणि २५ टक्के, ४५ अंशांनी आला तर निम्मा निम्मा. कोनाच्या कोसाइनचा वर्ग, मालुसचा नियम, बारावीला पाठ केलेला.

मग लेझर तर तोच, कोन कोणी बदलला? तुझ्या पिवळ्या पॅचकॉर्डने. पिवळी म्हणजे आत साधं सिंगल मोड फायबर, त्याचा गाभा आठ-नऊ मायक्रॉनचा, कागदावर एकदम गोल, पण कॉर्ड वाकवली, पिळली, टेपने टेबलाला चिकटवली, एसी सुरू केला की काचेवर कुठूनतरी ताण येतो आणि उभ्या-आडव्या प्रकाशाचा वेग एक केसभर वेगळा होतो. एक पुढे एक मागे पडला की सरळ रेषेत हलणारा प्रकाश लंबवर्तुळात फिरायला लागतो, पुढे आणखी ताण आला की परत सरळ होतो पण वेगळ्याच कोनात. म्हणजे लेझरमधून काय निघालं आणि पीबीएसपर्यंत काय पोचलं याचा एकमेकांशी काहीही भरवसा नाही. तू चहाला गेलास तेव्हा लॅबचं तापमान जरा बदललं असेल, बास तेवढं पुरतं.

मी नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच महिन्यात बारा पीसचा अख्खा ट्रे रिजेक्ट केला होता, त्यामुळे तुझ्या सरांना मी हसणार नाही. मे महिना, टेस्ट बेंचशेजारी टेबलफॅन, तो इकडून तिकडे मान फिरवायचा आणि दर फेरीला मीटरवरचे आकडे नाचायचे, मी आपली प्रत्येक पीसवर लाल स्टिकर लावत गेले. सुपरवायझर आले, काही बोलले नाहीत, फॅनचं तोंड भिंतीकडे केलं आणि निघून गेले.

तुला पीस खरंच चांगला आहे का हे बघायचं असेल तर दोन गोष्टी कर. लॅबमध्ये ईडीएफए (फायबरमधला प्रकाश वाढवणारा अॅम्प्लिफायर) असेल तर त्याला इनपुट न देता नुसता चालू कर, त्यातून जो रुंद पट्ट्याचा प्रकाश निघतो तो जवळजवळ अनपोलराइज्ड असतो, तो पीबीएसला दे. दोन्ही पोर्टला निम्मं निम्मं येईल आणि कॉर्ड कितीही हलवलीस तरी हलणार नाही. हलत असेल तर मग कनेक्टर सैल आहे नाहीतर पीस खराब. दुसरं म्हणजे तीन पॅडलवाला पोलरायझेशन कंट्रोलर मध्ये टाक, त्यात काही जादू नाही, फायबरचेच वेढे असतात, वेढ्यामुळे मुद्दाम ताण आणायचा आणि पॅडल फिरवून प्रकाश हवा तसा वळवायचा. पॅडल फिरवत फिरवत एक पोर्ट जितकं खाली नेता येईल तितकं ने. चांगल्या पीसला दोन पोर्टमध्ये २० डीबीच्या वर फरक मिळायला हवा, २० डीबी म्हणजे शंभरातला एक भाग चुकीच्या दारातून गेला. पॅडल सोडून गेलास की परत सरकणारच आहे. कायमचं हवं असेल तर लेझरपासून पीबीएसपर्यंत पीएम फायबर (पोलरायझेशन टिकवून धरणारं) लागेल, निळ्या जॅकेटची असते ती कॉर्ड, महाग आहे, सरांकडे मागून बघ.

प्रश्न (बंगळुरू): तुम्ही म्हणता साध्या फायबरमध्ये पोलरायझेशनचा भरवसा नाही. मग १०० जी च्या (सेकंदाला १०० गीगाबिटच्या) लिंकमध्ये शेकडो किलोमीटर साधं फायबर असतं आणि रिसीव्हरमध्ये पीबीएस असतो, तो तिथे करतो तरी काय?

उत्तर: आलेल्या सगळ्या प्रश्नांत मला हा सगळ्यात आवडला.

पाठवताना काय करतात ते आधी. एका लेझरचा प्रकाश दोन भागांत घेतात, दोन्हींवर वेगवेगळा डेटा चढवतात, एक भाग ९० अंशांनी वळवतात आणि मग पीबीएसच उलटा वापरून दोघांना एका फायबरमध्ये सोडतात. उलटा वापरला की त्याला पीबीसी म्हणायचं, सी फॉर कंबाइनर, वस्तू तीच. दर सिंबॉलला (म्हणजे प्रकाशाच्या दर ठोक्याला) दोन बिट एका पोलरायझेशनवर आणि दोन दुसऱ्यावर, म्हणजे चार, सेकंदाला २८ अब्ज सिंबॉल धरले तर ११२ गीगाबिट. १०० जी आणि वरचा एरर करेक्शन वगैरेचा खर्च त्यातच निघाला.

आता पलीकडे पोचेपर्यंत दोघांची पार मिसळ झालेली असते. रिसीव्हरमधल्या पीबीएसचे अक्ष आणि पाठवलेले अक्ष यांचा काडीचा संबंध नसतो, त्यामुळे त्याच्या दोन्ही पोर्टला दोन्ही डेटा मिसळूनच निघतात. आणि हे चालतं! भजनाला दोन बुवा आणि दोन माईक आहेत असं समजा, दोन्ही माईकमध्ये दोघांचाही आवाज येतोय, पण एकात पहिल्याचा जास्त आणि दुसऱ्यात दुसऱ्याचा. मिसळण वेगवेगळी असेल तर गणिताने दोन्ही आवाज सोडवता येतात, दोन समीकरणं दोन अज्ञात. ते गणित रिसीव्हरमधली डीएसपी (सिग्नलचं गणित करणारी) चिप करते आणि सतत करत राहते कारण मिसळण सतत बदलतेय. पीबीएसचं काम एवढंच की काहीही न हरवता दोन भाग करून द्यायचे, कुठला भाग कोणाचा हे ओळखायचं काम त्याचं नाही. एकच माईक असता तर मात्र जगातली कुठलीही चिप काही करू शकली नसती. वाटेतला एखादा पार्ट एका पोलरायझेशनला जास्त खात असेल तर ते मात्र दुखणं, कारण जे वाटेत गेलं ते गणिताने परत येत नाही.

आणि किती वेगाने बदलतं विचाराल तर जमिनीखालच्या केबलमध्ये आरामात. पण हाय टेन्शन लाइनच्या टॉवरवर सगळ्यात वर जी अर्थ वायर असते तिच्या आत फायबर घालतात, तिच्यावर वीज पडली की करंटच्या चुंबकीय क्षेत्राने प्रकाश क्षणात गरगर फिरतो, फॅरडेने १८४५ मध्ये काचेत दाखवलं होतं तेच हे. चिप तेवढी चपळ नसेल तर लिंक तेवढ्यापुरती तुटते.

प्रश्न (माळशिरस तालुका): मी साखर कारखान्याच्या लॅबला केमिस्ट आहे. आम्ही रोज रसाचं पोल (म्हणजे साखरेचं प्रमाण) काढतो पोलरीमीटरवर. तुमचं पोलरायझेशन आणि आमचं पोल एकच का?

उत्तर: एकच हो दादा, आणि तुम्हाला ते कळायला माझ्यापेक्षा कमी वेळ लागेल. तुमच्याकडे २६ ग्रॅम शुद्ध साखर पाण्यात विरघळवून एकूण १०० मिलिलिटर द्रावण, २०० मिलिमीटरची नळी, आणि आकडा १०० आला पाहिजे. साखरेने प्रकाशाच्या हलण्याची दिशा फिरवली, पिवळ्या सोडियम प्रकाशाला साधारण ३४.६ अंश, ती पलीकडच्या अॅनलायझरने मोजली. फायबरमध्ये दिशा वळवायला साखर लागत नाही, काचेवरचा ताण पुरतो. म्हणजे सांगलीच्या त्या मुलाची पिवळी कॉर्ड ही एक नळीच समजा, फक्त आतलं द्रावण कोणीतरी सारखं बदलतंय.

पण एक मजा सांगते. जुन्या पोलरीमीटरमध्ये अॅनलायझर म्हणून निकॉल प्रिझम असायचा, विल्यम निकॉलने १८२८ मध्ये काढलेला, कॅल्साइटचे दोन तुकडे चिकटवून. त्यात दोन किरण वेगळे होतात, एक सरळ निघतो आणि दुसरा चिकटवलेल्या ठिकाणी आपटून बाजूला जातो, तिथे काळा रंग असतो, तो मेला. पीबीएसमध्ये त्या दुसऱ्या किरणालाही दार काढून दिलंय. बास. तुमच्या निकॉलने निम्मा प्रकाश फेकला तर कोणाचं काही अडत नाही, पण टेलिकॉममध्ये अॅम्प्लिफायरला ताकद पुरवणाऱ्या पंप लेझरच्या प्रत्येक मिलीवॅटला पैसे पडतात. दोन पंप साध्या कपलरने एकत्र केले तर प्रत्येकाचा निम्मा वाया जातो, दोघांना काटकोनात ठेवून पीबीसीने एकत्र केले तर जवळजवळ सगळा मिळतो. रामन अॅम्प्लिफायरमध्ये तर हे लागतंच, कारण तिथे पंप ज्या दिशेचा त्याच दिशेच्या सिग्नलला तो जास्त वाढवतो, म्हणून दोन्ही दिशांचे पंप द्यावे लागतात. रामन म्हणजे आपले सी. व्ही. रामनच, त्यांचाच परिणाम.

प्रश्न (नांदेड): मॅडम मी केबल आणि इंटरनेटचा धंदा करतो, पोलवर जे १:८ चे स्प्लिटर लावतो ते पोलरायझेशनवाले असतात का?

उत्तर: नाही. तुमचा तो प्रकाशाची नुसती मापाने वाटणी करतो, आठ घरं आठ वाटे, म्हणून प्रत्येक घराला हिशोबाने ९ डीबी कमी आणि प्रत्यक्षात १० च्या पुढे. प्रकाश उभा आहे का आडवा हे तो बघत नाही आणि बघूही नये, नाहीतर वाऱ्याने ड्रॉप केबल हलली की गिऱ्हाइकाचं नेट जाईल आणि फोन तुम्हाला येईल.

प्रश्न (पुणे): पीबीएस पीएम फायबरला स्प्लाइस केला (वितळवून जोडला). सुटा होता तेव्हा एक्स्टिंक्शन (बरोबर आणि चुकीच्या पोलरायझेशनमधला फरक) २५ डीबी होतं, स्प्लाइसनंतर १८. स्प्लाइस लॉस ०.०५ च दाखवतोय म्हणजे जॉइंट तर मस्त आहे. मग?

उत्तर: लॉसवर जाऊ नका, लॉस गाभ्याला गाभा भिडला का एवढंच सांगतो, कोन जुळला का ते सांगत नाही. पांडा फायबरच्या (पीएम फायबरचा एक प्रकार) गाभ्याच्या दोन बाजूंना दोन जाड दांडे असतात, टोकाकडून बघितलं तर पांडाचे डोळे, ते काच थंड होताना जास्त आकसतात आणि गाभ्याला कायमचे ओढून धरतात. बाहेरून हात लावून जो ताण येईल त्यापेक्षा आतला ताण कितीतरी मोठा, म्हणून बाहेरच्याला कोणी विचारत नाही. पण त्याचं सगळं चालणार दोन फायबरचे डोळे एका रेषेत आले तरच. १ अंश चुकला तर वरची मर्यादा ३५ डीबी, ३ अंश चुकले तर २५-२६, ६ अंशांना २० च्या खाली. तुमचे १८ बघता सहा-सात अंशांच्या आसपास चुकलंय असं वाटतं. (पीसचे स्वतःचे २५ आहेत तेही त्यात मिसळतात, त्यामुळे नेमका आकडा काढायला जाऊ नका.) स्प्लायसरला टोकाकडून बघून जुळवायची सोय असेल तर ती वापरा, बाजूने बघून अंदाज करणारा मोड प्रत्येक कंपनीच्या फायबरला तितकासा जमत नाही.

परत तोडण्याआधी एकच गोष्ट तपासा, पिगटेल (पीसमधून बाहेर आलेला फायबरचा तुकडा) कुठे क्लिपखाली दाबलाय का आणि कनेक्टरमधला गोंद नुकताच भरलाय का. गोंद सुकताना एका बाजूने ओढतो आणि तेवढ्याने एक्स्टिंक्शनचे तीन-चार डीबी जातात, हे मी स्वतः बघितलंय आणि त्यासाठी तीन दिवस स्प्लायसरला शिव्या घातल्यात. आणि लेझर ज्या अक्षावर सोडलाय तो आणि पीबीएसचा अक्ष यांचा मेळ आहे ना तेही बघा, बहुतेक डेटाशीटवर स्लो अक्ष (ज्यावर प्रकाश हळू जातो तो) लिहिलेला असतो पण सगळ्यांवर नाही.

प्रश्न (सिन्नर): आमच्याकडे विहिरीच्या कामात खडकातून चकचकीत पारदर्शक तुकडे निघाले. पेपरवर ठेवला की अक्षरं दोन दोन दिसतात. नातू म्हणतो हाच दगड इंटरनेटच्या पार्टमध्ये असतो. खरं का?

उत्तर: काका, नातवाला माझ्याकडून एक पेढा द्या. अक्षरं दोन दिसत असतील तर तो कॅल्साइटच असणार. आपला दख्खनचा बेसाल्ट थंड होताना त्यात पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत झिओलाइट, कॅल्साइट असली खनिजं भरत गेली, सिन्नरला गारगोटी संग्रहालय आहे तिथे बघून या, तुम्हाला तर जवळच. आणि गंमत म्हणजे ज्या दगडाने ही सगळी भानगड सुरू झाली तोही बेसाल्टमधलाच, पण आइसलँडचा. तिथे पूर्व किनाऱ्याला हेल्गुस्तादिर नावाची खाण होती, तिथल्या स्वच्छ कॅल्साइटला आजही आइसलँड स्पार म्हणतात. डेन्मार्कच्या बार्थोलिनने १६६९ मध्ये असा आइसलँडचा तुकडा अक्षरांवर ठेवून दोन प्रतिमा बघितल्या आणि लिहून ठेवलं. का होतं ते त्याला कळलं नाही. १८०८ मध्ये पॅरिसला मालुस संध्याकाळी तसाच तुकडा डोळ्याला लावून लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित झालेलं ऊन बघत बसला होता, तुकडा फिरवला तर दोनपैकी एक प्रतिमा फिकी व्हायची. वरच्या पहिल्या उत्तरातला कोसाइनचा वर्ग तो ह्याच मालुसचा.

पीबीएसच्या आत काय असतं तर हेच. पेनच्या टोपणाएवढी स्टीलची नळी, एका टोकाला फायबर, त्यापुढे बारीक लेन्स जी प्रकाश पसरू न देता समांतर करते, मग क्रिस्टल, मग पुन्हा लेन्स आणि दोन फायबर. क्रिस्टलमध्ये दोन्ही पोलरायझेशनचे रस्ते वेगळे होतात, कॅल्साइटचा १० मिलिमीटर जाडीचा तुकडा दोन किरणांना साधारण १ मिलिमीटर बाजूला करतो, फायबर १२५ मायक्रॉनचं म्हणजे १ मिलिमीटर ही ऐसपैस जागा झाली. आता खाणीतला कॅल्साइट फार कोणी वापरत नाही हे पण सांगायला हवं, तो मऊ आहे, टाचणीने ओरखडा उठतो, पॉलिश करताना कपचे निघतात, आणि मोठा निर्दोष तुकडा मिळणं नशिबावर. त्याऐवजी यिट्रियम व्हॅनाडेटचा क्रिस्टल भट्टीत वाढवतात. काही पीबीएसमध्ये तर क्रिस्टलच नसतो, दोन फायबर शेजारी ठेवून तापवून ताणतात आणि बरोबर त्या क्षणी थांबतात जेव्हा एक पोलरायझेशन आपल्याच फायबरात असतं आणि दुसरं शेजाऱ्याकडे गेलेलं असतं. स्वस्त पडतं, पण एका ठरावीक तरंगलांबीपुरतंच चालतं.

तर नातवाला एक प्रयोग करू द्या. कागदावर पेनने एक ठिपका काढायचा, वर तुकडा ठेवायचा आणि तुकडा जागच्या जागी गोल फिरवायचा. एक ठिपका हलणार नाही आणि दुसरा त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालेल. मग कोणाचा तरी पोलरॉइडचा गॉगल डोळ्यापुढे धरून गॉगल फिरवायचा, एकदा एक ठिपका नाहीसा होईल आणि पुढे काटकोनात दुसरा. गॉगल नसेल तर जुन्या एलसीडी लॅपटॉपवर पांढरी स्क्रीन आणि मध्ये काळा ठिपका आणा, स्क्रीनमधून येणारा प्रकाश मुळातच पोलराइज्ड असतो, त्यामुळे नुसता तुकडा फिरवला तरी दोन ठिपके आळीपाळीने फिके पडतील. तुकडा कॅल्साइटच आहे ना याची शंका असेल तर कोपऱ्यावर लिंबू पिळून बघा, बुडबुडे आले तर कॅल्साइट, पण नीट वाट बघा, लिंबाला वेळ लागतो. चांगल्या बाजूवर नका पिळू. आणि लॅपटॉपवर ठेवताना मध्ये काचेचा पातळ तुकडा ठेवा, स्क्रीनचं प्लॅस्टिक दगडापेक्षाही मऊ असतं.